माळावरची शाळा

फार वर्षांपूर्वी माळावरच्या बाभळीखाली पाखरांची शाळा भरे. सगळी पाखरं दाणे आणून देत आणि सुगरण पिल्लांना घरटं विणायला शिकवी.

एका हिवाळ्यात परमुलखातून करकोचा आला. "दाणे मी पुरवतो. मला फक्त शाळेच्या पंचांत बसू द्या," तो म्हणाला.

"देणाऱ्याला पंचांत कशाला बसायचं असतं?" टिटवीनं विचारलं. पण दाणे वेचण्याचे कष्ट वाचणार होते, म्हणून बाकीच्यांनी होकार दिला.

वर्षभरात त्यानं आपले भाऊबंद आणून बसवले आणि पंचांत करकोचेच जास्त झाले. त्यांनी विणकाम बंद करून लांब उडणं शिकवायला लावलं. चांगली उडणारी पिल्लं त्यांच्याबरोबर गेली, ती परतलीच नाहीत.

सुगरण माळ सोडून निघाली, तेव्हा टिटवीनं तिला अडवलं. "माझ्या खडकापाशी शिकव. तुझ्या पोटाचं मी बघते."

सुगरणीनं तिच्याकडे संशयानं पाहिलं. "बदल्यात काय हवंय?"

"मला घरटं विणता येत नाही. तेवढं शिकव," टिटवी म्हणाली.