शेवटची घागर

फार वर्षांमागं, खडकदऱ्यात नळ नव्हता की हापसा नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. साऱ्या गावाला विहीर एक, आणि तिथं पहिली घागर पाटलाच्या घरची. म्हाळसाबाई पाटलीण भरून वळेपर्यंत दुसरीनं दोराला हात लावायचा नाही. गावकुसाबाहेरच्या बायांनी तर कधीच नाही. त्या लांब उन्हात उभ्या. कुणाला दया आली तर वरून ओतायचं, नाहीतर ओढ्यातलं डबकं होतंच.

अशा गावात मिशनच्या सिस्टर राहायला आल्या. थोरलीचं नाव सिस्टर ब्रिजिदा. गावाच्या तोंडात ते बसेना, म्हणून ती झाली बिर्जाबाई. ती जखमा धुवायची, पोरींना अक्षरं शिकवायची.

पाटलीण तिला म्हणाली, "तुम्ही देवाच्या बाई. माझ्यामागून दुसरी घागर तुमची."

"माझी शेवटची," बिर्जाबाई म्हणाली. "त्या लांब उभ्या आहेत ना, त्यांच्यामागून."

आणि जपमाळ घेऊन, डोळे मिटून कठड्याशी बसली. त्या बायांची पाळी कधी यायचीच नाही, म्हणून हिचीही येईना. रोज यायची, बसायची, रिकामी घागर घेऊन जायची. पाणी प्यायची ते त्याच बायांच्या घरचं, डबक्यातलं, गाळून. असं म्हणतात, तिच्या रिकाम्या घागरीवर चिमण्या बसायच्या आणि चोच ओली करून उडायच्या.

हळूहळू गावच्या बाया पोहरा सोडण्याआधी त्या घागरीला हात लावून नमस्कार करू लागल्या. पाटलिणीचा जीव जळाला. तिला भाकर गोड लागेना.

"जन्मभर मी पुढं उभी राहिले, तर कुणी वाकलं नाही. ही मागं बसते, तर पाया पडतात!"

चैत्रात विहीर तळाला गेली. त्या सकाळी पाटलीण आली ती थेट बिर्जाबाईसमोर फतकल मारून बसली.

"आजपासून शेवटची घागर पाटलाच्या घरची. मान तो मान."

"अगं बाई! मग पहिली कोण?" गावच्या बाया एकमेकींना विचारू लागल्या.

"मी नाही बाई, तूच हो!"

कशाबशा गावच्या बाया भरून झाल्या. घरून गडी सांगत आला, "बैलं पाण्यावाचून हंबरत्यात." पाटलीण म्हणाली, "हंबरू देत." बिर्जाबाई उठेना, कारण लांबच्या बाया राहिल्या होत्या. पाटलीण उठेना, कारण बिर्जाबाई राहिली होती. हसू नका. ऊन डोक्यावर आलं होतं आणि दोघींच्या ओठांना भेगा पडल्या होत्या.

शेवटी पाटलीण लांबच्या बायांवर ओरडली, "अगं ए, खांबासारख्या उभ्या काय? भरा की!"

"आम्ही?" त्यांच्यातली तान्हाबाई म्हणाली. "विटाळ होईल, आईसाहेब."

"होऊ दे! पण लौकर आवरा!"

त्यांनी भरलं. जन्मात पहिल्यांदा दोराला हात लावून भरलं. मग बिर्जाबाईनं भरलं. "जिंकलात, पाटलीणबाई," ती म्हणाली, आणि त्यात टोमणा नव्हता.

पाटलिणीनं ऐटीत पोहरा सोडला. वर आला तो नुसता चिखल.

सारा गाव बघत होता. पाटलाच्या घरची घागर कधी रिकामी परतली नव्हती. तान्हाबाई आपली घागर घेऊन पुढं आली. "आमचं चालंल का?"

पाटलिणीनं बिर्जाबाईकडं पाहिलं. ही रोज त्यांच्याच घरचं पाणी पीत होती.

"हिला चालतं, आणि मला चालू नये?" असं म्हणून तिनं ओंजळ पुढं केली आणि घटाघटा प्याली.

असं म्हणतात, त्याच क्षणी तळाचा खडक तडकला आणि पाणी इतकं वर आलं की दोराशिवाय घागर बुडली. त्यानंतर ती विहीर आटली नाही, आणि कुणाला बंदही झाली नाही.

पुढं बिर्जाबाई वारली आणि गावानं विहिरीला तिचं नाव दिलं. पाटलीण मरेपर्यंत कुरकुरत होती, "पाणी मी प्याले, आणि नाव हिचं!"

आजही चैत्रात साऱ्या बाया तिथं घागरी घेऊन जमतात. पहिली व्हायला कुणी तयार नसतं, म्हणून वाटेनं जाणाऱ्या परक्या माणसाला धरून आणतात आणि पहिलं पाणी त्याला पाजतात. आधी बिर्जाबाईचं नाव घेतात. मग लगेच, त्याहून मोठ्यानं, म्हाळसाबाईचं. एका वर्षी तिचं नाव राहून गेलं, तर दिवसभर पाणी गढूळ येत होतं, असं म्हणतात. तेव्हापासून कुणी विसरत नाही.