मुदतीआधी निघालेला ससा

फार मागची गोष्ट. माळावर एका काटेरी अंगाच्या म्हाताऱ्या साळूचं दोन तोंडांचं बीळ होतं. मागचं तोंड पावसाळ्यापर्यंत राखायचं, या बोलीवर तिनं सशाला आसरा दिला होता. ऐन उन्हाळ्यात ससा म्हणाला, "साळूमावशी, मी निघतो. ओढ्यापल्याड हिरवं गवत आहे."

साळूनं बिळाच्या मागच्या तोंडाकडं वळून पाहिलं. मागच्याच बाजूला तिची नातवंडं निजायची, आणि कोल्हा टपलेला होता.

शेजारची टिटवी म्हणाली, "त्याच्या वाटेत काटे लाव. जातो कसा, बघू."

"मन उडालेला राखणदार अडवून काय राखणार?" साळू थकून म्हणाली. "जा बाबा. पण तुझ्या जागी कुणी येईतो थांब."

सशानं एक घूस शोधून आणली.

"किती दिवस राहशील?" साळूनं विचारलं.

"खरं सांगू? माहीत नाही. पण जायच्या आधी सांगेन."

साळू बाजूला सरकली. "ये आत."