बेहड्याचे झाड आणि भोकांची मोजणी

डोंगराच्या पायथ्याशी एक दाट जंगल होते आणि त्या जंगलात सुतारपक्ष्यांचा एक थवा राहत असे. मुलांनो, सुतारपक्षी म्हणजे झाडांचे वैद्यच. कुठल्या झाडाला आतून अळी लागली आहे ते ओळखायचे, नेमक्या त्याच जागी चोचीने भोक पाडायचे आणि अळी ओढून काढायची, हे त्यांचे काम. ते त्यांना साऱ्या जंगलाने नेमून दिलेले होते. दिवसभर झाडांवर राबल्यावर स्वतःच्या पोटासाठी हिंडायला त्यांना वेळ उरत नसे, म्हणून रोज संध्याकाळी जंगलाच्या कोठारातून प्रत्येकाला पिकलेली उंबरे मिळत. वाटा सगळ्यांना सारखाच.

थव्यात एक म्हातारी सुतारपक्षीण होती. सगळे तिला मावशी म्हणत. ती झाडावर आधी दोनचारदा चोच आपटी, मग डोके बुंध्याला टेकवून बराच वेळ नुसती ऐकत राही. कधी कधी अख्खा दिवस जाई आणि भोक एकही पडत नसे. “या झाडाला काही झालेलं नाही,” असे सांगून ती पुढच्या झाडाकडे जाई. तिने निरोगी म्हटलेले झाड कधी उन्मळून पडल्याचे कुणाला आठवत नव्हते.

त्याच थव्यात दोघे कामचुकारही होते, हे खरे आहे. ते दिवसभर फांदीवर पंख साफ करत बसत आणि संध्याकाळी कोठारापाशी सगळ्यांच्या आधी हजर होत. त्यांच्याविषयीची कुरकूर जंगलच्या राजापर्यंत, म्हणजे वाघापर्यंत, पोहोचली. वाघाचा प्रधान होता कोल्हा. त्याने लगेच सभा बोलावली.

“महाराज,” कोल्हा म्हणाला, “राबणाऱ्याला आणि झोपा काढणाऱ्याला सारखीच उंबरं, हा कुठला न्याय? उद्यापासून जो जितकी भोकं पाडेल, तितकी उंबरं त्याला. वानर मोजणी करील. बघाच, आठ दिवसांत सगळे कसे कामाला लागतात!”

मावशी पुढे आली. “महाराज, ते दोघं आळशी आहेत, तर त्यांना जाब विचारा. कोण ते मी सांगते. पण भोकं मोजू नका. भोक म्हणजे झाडाला जखम असते. नाइलाज असेल तिथंच ती करायची. आणि एखादं झाड धडधाकट आहे, हे तपासण्यात माझा दिवस गेला, तर तो वानर कसा मोजणार?”

कोल्हा हसला. “महाराज, ज्याला काम करायचं नसतं, त्यालाच मोजणीची भीती वाटते.”

सभेत हशा पिकला. वाघाने आयुष्यात कधी एखाद्या झाडाकडे मान वर करून नीट पाहिले नव्हते. त्याला कोल्ह्याचे म्हणणे सरळ आणि सोपे वाटले. “ठरलं तर मग,” तो म्हणाला आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवसापासून जंगल नुसते ठकठक आवाजाने दणाणून गेले. जे कालपर्यंत फांदीवर बसून असत तेही कामाला लागले. पण कुठे? सावरीचे लाकूड मऊ, म्हणून सगळे सावरीवर तुटून पडले. झाडाला अळी आहे की नाही, कुणी बघेना. एका धट्ट्याकट्ट्या तरुण सुतारपक्ष्याने तर एका दिवसात एकाच सावरीला चाळीस भोके पाडली. कोल्ह्याने त्याला चाळीस उंबरे दिलीच, वर भर सभेत त्याच्या डोक्यात मोरपीस खोचले.

मावशी त्या वेळी एका जुन्या बेहड्यावर काम करत होती. त्या बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी आपल्या दोन पिलांना घेऊन बसली होती. मुलांनो, धनेशाची मादी अंडी घालायच्या वेळी ढोलीत शिरते आणि चिखलाने तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. उरते ती चोच बाहेर येईल एवढीच फट. आत तिची पिसे झडतात आणि कित्येक दिवस तिला उडताही येत नाही. नर बाहेरून फळे आणून त्या फटीतून तिला आणि पिलांना भरवतो. झाड उभे, तोवर ती सुखरूप. आणि याच झाडाच्या बुंध्यात ढोलीच्या खाली मावशीला अळीचा आवाज लागला होता. लाकूड दगडासारखे टणक आणि अळी खोल. चार दिवसांत मावशीची दोन भोके झाली. कोठारातून तिला दोन उंबरे मिळाली.

वानराने कोल्ह्याच्या हुकमावरून रोज संध्याकाळी उंच खडकावर उभे राहून सगळ्यांत कमी भोके पाडणाऱ्याचे नाव ओरडून सांगायचे, असेही ठरले होते. रोज मावशीचेच नाव येई. जिच्या हाताखाली निम्मा थवा काम शिकला, तिच्याकडे आता ससेसुद्धा बघून कुजबुजत. पण सकाळ झाली की मावशी परत बेहड्यावर जाई.

“मावशी, माझ्यातली दोन फळं घेता का?” धनेशाने एकदा विचारले. “तुमच्या अंगात ताकद राहिली नाही.”

“नको रे,” ती म्हणाली. “तुला दोन पिलांना भरवायचं आहे. आणखी आठ दिवस मिळू देत मला. अळी हाताशी आली आहे.”

आठ दिवस काही तिला मिळाले नाहीत. तिसऱ्याच दिवशी कोल्हा बेहड्याखाली येऊन उभा राहिला. “म्हातारे, खाली ये. तुझा आकडा सतत तळाला. उद्यापासून तुला नेमणूक नाही. हे झाड आता आमच्या मोरपीसवाल्याकडे.”

“प्रधानजी, हे झाड आतून पोखरलेलं आहे! वर बाळंतीण बसली आहे!”

“असं तर प्रत्येक जण आपल्या कामाबद्दल सांगतो,” असे म्हणून कोल्हा निघून गेला.

तरुण सुतारपक्षी दुसऱ्या सकाळी बेहड्यावर आला. त्याने चोच मारली. टणक! त्याने डोके टेकवून ऐकले, तेव्हा आतला कुरकुर आवाज त्यालाही लागला. त्याला सगळे समजले. पण त्याच्या घरट्यात तीन भुकेल्या चोची उघड्या होत्या, आणि या लाकडावर दिवसाला एक भोकसुद्धा झाले नसते. तो थोडा वेळ घुटमळला आणि मान खाली घालून सावरीकडे उडून गेला.

त्यानंतर आठवडाभरातच एका दुपारी सोसाट्याचा वारा सुटला. सावरीची झाडे चाळणीसारखी झाली होती, त्यांच्या फांद्या काडकाड मोडल्या. आणि बेहडा, तो एवढा मोठा बेहडा, बुंध्यातून करकरत वाकला आणि ढोलीसकट जमिनीवर आदळला.

आवाज ऐकून मावशी धावली. पाठोपाठ तरुण सुतारपक्षीही आला. ढोलीचे तोंड आतून लिंपलेले आणि आतून धनेशिणीचा केविलवाणा आवाज. दोघांनी मिळून चोचींनी तो वाळलेला लेप फोडला. धनेशीण बाहेर सरपटत आली, अंगावर पिसे नाहीत, एक पाय दुखावलेला. एक पिलू जिवंत निघाले. दुसरे निघाले, पण हलत नव्हते. एवढ्यात चोचीत उंबर धरून धनेश परत आला. झाड होते त्या जागी तो घिरट्या घालत राहिला. झाड कुठे गेले, हेच त्याला आधी उमगेना.

सभा भरली. कोल्हा घसा साफ करून म्हणाला, “महाराज, दुःख आहेच. पण मोजणी सुरू झाल्यापासून भोकांची संख्या तिपटीने वाढली आहे, याचीही नोंद घ्यावी. आणि तो बेहडा कुणाकडे होता? या म्हातारीकडे! तिनेच दिरंगाई केली.”

“खोटं आहे!” तरुण सुतारपक्षी ओरडला. त्याने डोक्यातले मोरपीस उपटून फेकले. “झाड माझ्याकडे होतं. आतली अळी मला ऐकू आली होती. मी ते झाड सोडून गेलो, कारण तिथं राबलो असतो तर माझी पिलं उपाशी राहिली असती. माझी चूक आहेच. पण धडधाकट सावरीला भोकं पाडली तेव्हा तुम्ही मला पीस दिलंत, आणि झाड वाचवत होती तिला हाकललंत!”

मग इतके दिवस मुकाट मोजणी करणारा वानर पुढे आला. “मलाही एक विचारायचं आहे, प्रधानजी. सगळ्यांचं काम मी मोजलं. तुमचा वाटा मात्र रोज सगळ्यांत मोठा असतो. तो कशावर मोजायचा ते अजून कुणी मला सांगितलेलं नाही.”

कोल्ह्याने वाघाकडे पाहिले. वाघ उठला आणि पहिल्यांदाच स्वतःच्या पायांनी पडलेल्या बेहड्यापाशी गेला. बुंधा आतून भुग्याने भरला होता. त्या भुग्याच्या अगदी कडेला, बोटभर अंतरावर, मावशीची दोन खोल भोके येऊन थांबली होती.

“आणखी किती दिवस लागले असते?” वाघाने हळूच विचारले.

“पाच,” मावशी म्हणाली. “आणि महाराज, मला विचारायचंच होतं तर तेव्हा विचारायला हवं होतं. मी त्या सभेत होते. तुम्ही उठून गेलात.”

वाघाची मान खाली गेली. त्याने तिथल्या तिथे कोल्ह्याला प्रधानकीवरून काढले, मोजणी बंद केली आणि वाटा पुन्हा सारखा केला. झाडांची देखरेख मावशीकडे सोपवली. जो खरोखरच काम टाळील त्याला तिने जाब विचारावा, कारण काम कशाला म्हणतात ते तिला कळते, असेही त्याने सांगितले. मग तो धनेशाकडे वळून म्हणाला, “माझ्याकडून फार मोठी चूक झाली. मला क्षमा कर.”

धनेशाने पंख पसरले. उरलेले पिलू भुकेने ओरडत होते, आणि त्याला फळे शोधायला जायचे होते.

तात्पर्य : सर्वांच्या भल्यासाठी राबणाऱ्याचे काम आधी समजून घ्यावे, मगच त्याचे मोल ठरवावे. जो न समजता नुसते आकडे मागतो त्याला आकडेच मिळतात, आणि त्याच्या चुकीची शिक्षा निरपराधांना भोगावी लागते.