बापू नाखव्यांचा फेटा

श्रीकेवलनाथ महाराज त्या वर्षी आडबंदर गावी मुक्कामास होते. समुद्राच्या काठी, सुरूच्या बनात त्यांची झोपडी होती. जानू खवणेकर हा गरीब गाबीत मच्छीमार रोज त्यांच्या दर्शनाला येई. त्याच्याजवळ शिडाची एक लहानशी होडी होती. होडीचा नांगर म्हणजे लाकडाच्या बेचक्यात बांधलेला दगड. जानू त्याला रोज गंध लावी.

एकदा खाडीपलीकडच्या वाडीतल्या भक्तांनी महाराजांना बोलावले. जानू होडी काढत होता, तोच बापू नाखवा आले. ते चार मचव्यांचे मालक, पण मचवे डागडुजीसाठी किनाऱ्यावर ओढलेले आणि पलीकडे पुतणीचा साखरपुडा. नाइलाजाने ते होडीत चढले. डोक्यावर नवा केशरी फेटा होता.

गंध लावलेला दगड पाहून बापू हसले. "जानू, हा नांगर आहे की कुलदैवत? पाण्यात गेल्यावर तळ धरतो, की नैवेद्याची वाट बघतो?"

जानू खाली मान घालून म्हणाला, "माझ्याकडे हाच आहे, नाखवानू."

महाराजही चढले आणि जानूने शीड उभारले.

होडी अर्ध्या वाटेवर आली आणि वारा फिरला. आभाळ काळवंडले, लाटा उसळल्या, होडी खडकांच्या रांगेकडे ढकलली जाऊ लागली. जानूने शीड उतरवले आणि देवाचे नाव घेऊन नांगर टाकला. सगळा दोर सुटला, तरी नांगर तळावरून फरफटतच होता.

"महाराज, पाणी खोल आहे, दोर तोकडा पडतोय," जानू रडकुंडीला येऊन म्हणाला. "आणखी लांब सोडता आला, तर नांगर रुतेल."

महाराजांनी बापूंच्या डोक्याकडे पाहिले.

बापूंनी दोन्ही हातांनी फेटा धरला. "महाराज, हा साखरपुड्याचा आहे."

"डोके राहिले तर दुसरा बांधता येईल," महाराज म्हणाले.

खडक जवळ आले होते. बापूंनी निमूटपणे फेट्याचे टोक पुढे केले. जानूने ते दोराच्या शेवटाला घट्ट बांधले आणि फेटा सोडू लागला. बापू जागच्या जागी गिरक्या घेऊ लागले. फेटा उलगडत राहिला, पाण्यात जात राहिला. बापूंना घेरी आली, तरी फेटा संपेना.

"महाराज," ते धापा टाकत म्हणाले, "माझा फेटा एवढा लांब नव्हता."

"तुमचा मघाशीच संपला," महाराज म्हणाले. "हा देवाचा आहे. फिरत राहा."

अखेर हिसका बसला. नांगर वाळूत रुतला. होडीने वाऱ्याकडे तोंड केले आणि खडकांपासून हातभर अंतरावर ती थांबली. जानूने फेटा नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, खुंट्याला गुंडाळला. दुसरे टोक बापूंच्या डोक्यालाच होते. वादळ सरेपर्यंत ते खुंट्याशेजारी हलले नाहीत, शिंकसुद्धा त्यांनी दाबून धरली.

वारा पडल्यावर नांगर ओढला, तर फेटा नेहमीएवढाच, चिखलाने माखलेला. पलीकडे उतरताच बापूंनी भर वाळूत महाराजांच्या पायांवर उघडे डोके ठेवले. "महाराज, मी या गरिबाच्या श्रद्धेला हसलो."

"मग हे त्याला सांगा," महाराज म्हणाले, "आणि लवकर सांगा, मुहूर्त टळतोय."

बापू जानूसमोरही वाकले. जानू लाजून मागे सरला. मग बापूंनी त्याचा हात धरला आणि साखरपुड्याच्या मांडवात नेऊन त्याला आपल्या शेजारी, मानाच्या पाटावर बसवले.