रंगोबाची पितळी लोटी

माणसं भांडी घासायला नुकतीच समुद्रावर येऊ लागली होती, तेव्हाची गोष्ट. रंगोबा नावाचा शंखखेकडा अंगाने भरला आणि पाठीवरचा शंख त्याला आवळू लागला. नवं घर हवं होतं. साध्या शंखांना नाकं मुरडत तो फिरत होता, तोच वाळूत त्याला कुणाचीतरी इवलीशी पितळी लोटी सापडली. स्वारी लगेच आत शिरली.

लोटी अशी झळके की किनाऱ्यावर रंगोबाचा भाव वधारला. पण धावायला निघाला की चार पावलांत धाप लागे आणि दुपारी डोळा लागला की तापलेली लोटी अंग भाजून काढी.

"झोप कशी लागते हो?" शेजारच्या गोगलगायीने विचारलं.

"राजेशाही!" लाल डोळ्यांनी रंगोबा म्हणाला.

एके दिवशी ती चकाकी पाहून घार झेपावली. रंगोबा पळू लागला, पण लोटी हलेना. शेवटी लाजलज्जा सोडून तो बाहेर पडला आणि नागड्या ढुंगणाने धावत समोर दिसेल त्या मळकट शंखात घुसला. घार लोटी घेऊन उडाली.

दुसऱ्या दिवशी गोगलगाय सांत्वनाला आली. "रंगोबा, केवढी शोभा गेली हो तुमची!"

आतून फक्त घोरणं ऐकू आलं.