बहिणीची गोळी

"तीच गोळी, माई. तेवढीच. मग शालन बरी झाली, आणि मी का नाही?"

रेवामाई तंबोऱ्याच्या तारा पुसत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

नदीकाठच्या त्या लहानशा मठात अच्युतमास्तर लहानपणापासून माईंकडे गाणं शिकायला येत. थोरली बहीण शालनही. आई गेली, आणि दोघंही एकदमच खचली. जेवण नको, माणसं नकोत, गाणं तर नकोच. डॉक्टरांनी दोघांना एकच गोळी दिली. शालन हळूहळू उजळत गेली. आज मठाच्या स्वयंपाकघरात पोहे परतता परतता ती मोठ्यानं गात होती.

अच्युतला त्या गोळीनं नुसती चक्कर आणली.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, शरीराची ठेवण जन्मतःच वेगळी असते. जनुकं. कुणाच्या अंगात औषध झटकन विरतं, कुणाच्या अंगात साचत राहतं. सख्ख्या भावंडांतसुद्धा. रक्त तपासून थोडा अंदाज येतो, बाकी देऊनच बघायचं. आता दुसरी दिलीय." त्यानं खिसा चाचपला. पाकीट चुरचुरलं. "न्याहारीनंतर घ्यायची. पण मी घेणार नाही."

"का रे?"

"आजवर शाळेत दुसऱ्यांना नापास केलं, माई. आता मीच नापास झालो. मनच कच्चं माझं. गोळीला काय दोष?"

...

"भूपाळी म्हण," माई म्हणाल्या. "आईला आवडायची ती."

तंबोरा माईंच्या सुरात लागलेला होता. अच्युत नेहमी त्याच सुरात गाई. स्वतःच्या सुरात गा, असं माईंनी पुष्कळदा सांगून पाहिलं होतं, पण गुरूचा सूर सोडणं त्याला पाप वाटे.

दुसऱ्या ओळीला आवाज वर चढला, आणि फाटला.

आतून शालन ओरडली, "अच्या, मांजराच्या शेपटीवरचा पाय काढ!"

माईंनी खुंटीला हात घातला.

"माई, नको! तुमचा सूर..."

माई खुंट्या पिळत राहिल्या. तारा उतरल्या.

"म्हण."

आता आवाज पार विहिरीच्या तळाला गेला. माई खुदकन हसल्या.

"फारच उतरला... थांब."

पुन्हा खुंटी. तारेला कान. थोडं वर. आणखी थोडं.

"म्हण आता."

अच्युतनं डोळे मिटले. पहिली ओळ गेली. दुसरी वर चढली, चढतच गेली, आणि कुठेच अडली नाही. त्याचा त्यालाच विश्वास बसेना. तो तीच ओळ पुन्हा गायला. मग पुन्हा.

शालन उलथनं हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली. "अगं बाई! हा आपला अच्या?"

अच्युत हसला. किती तरी महिन्यांनी.

"माई, इतकी वर्षं मला वाटायचं, माझा गळाच खोटा."

"हं."

त्याचा हात खिशाकडे गेला, आणि तिथेच थांबला.

"पण... हीसुद्धा लागू पडली नाही तर?"

माईंनी खुंटीवर नुसतं एक बोट ठेवलं.

...

"शालन," त्या म्हणाल्या, "मास्तरांना पोहे वाढ गं. आणि तांब्याभर पाणी आण."