न झालेला धूर

घरोघरच्या चुली अजून धूर ओकत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. इठाबाईच्या घरी बिनधुराची शेगडी आली आणि स्टीलचं पातेलं रुसून बसलं.

"पूर्वी बाई मला मांडीवर घेऊन तासभर राखेनं घासायची," ते शेगडीला म्हणालं. "आता नुसती विसळते."

एके दिवशी शेगडीच्या तपासणीला साहेब आले. "इथं वाचलेल्या धुराबद्दल दूरदेशीचे कारखाने स्वतःच्या धुराची भरपाई म्हणून गावाला पैसे देतात," ते म्हणाले. "पण न झालेला धूर दाखवणार कसा?"

इठाबाईनं पातेलं मांडीवर उपडं घेतलं. बूड लख्ख होतं. त्यात तिला स्वतःचा चेहरा दिसला.

"माझे डोळे लाल राहिले नाहीत की," ती पुटपुटली.

साहेब गेले, तरी तिनं पातेलं मांडीवरून खाली ठेवलं नाही.